काडतूस चेंबरमध्ये बसत नाही तेव्हा

गणपती पाण्यात गेले, भाताला लोंब्या धरल्या, की रानडुकरं शेतात उतरतात आणि पावसाळाभर कपाटात पडून असलेली बंदूक बाहेर निघते. पहिली तक्रार तेव्हाच येते. गेल्या वर्षी याच डब्यातली काडतुसं अलगद आत जात होती, आता अर्ध्यावर अडतात. कधी पूर्ण आत जातात, पण बुडाची कड वर राहते आणि बंदूक मिटत नाही. अशा वेळी बाजूला उभा असलेला कोणी हमखास म्हणतो, "दाब मरे, बसतला!" तेवढं मात्र करू नका.

शेतसंरक्षणाचा परवाना नुकताच नावावर झालेल्यांसाठी, किंवा वडलांच्या पश्चात बंदूक ज्यांच्याकडे आली त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बंदूक १२ बोअरची, मध्ये मोडून उघडणारी, एकनळी किंवा दुनळी, असं धरलं आहे. ठासणीची बंदूक असेल तर चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेची, भानगडच नाही. त्या बंदुकीच्या खोडी वेगळ्या. शेवटाकडे थोडं रायफलीबद्दलही आहे, कारण तिथे हाच आजार जास्त चिवट असतो.

जोर का लावायचा नाही

काडतुसाच्या बुडाला मधोमध टोपी असते. तिच्यावर पिनचा टोला बसला की दारू पेटते. जुन्या घोड्याच्या बंदुकांमध्ये ही पिन गंजून किंवा काजळीने चिकटून पुढे आलेल्या अवस्थेतच अडकते. तुम्ही कड वर असलेलं काडतूस ठेवून बंदूक दणक्याने मिटलीत, तर चाप न ओढताही पिन टोपीवर आदळते. नळी अजून पुरती बंद झालेली नसते. त्या क्षणी बार उडाला, तर कवच मागून फाटतं आणि ती आग तोंडावर व हातावर येते.

म्हणून पहिलं काम: काडतूस हातात काढून घ्या, बंदूक उघडीच ठेवा, नळीचं तोंड माणसं आणि जनावरं नसलेल्या दिशेला करा. मग नळीच्या मागे जो सपाट चेहरा असतो, त्यावरचं पिनचं भोक बघा. घोडा मागे किंवा विश्रांतीच्या खाचेत असताना पिन बाहेर डोकावत असेल, तर आजचं काम संपलं. बंदूक दुरुस्तीला जाईल, काडतुसांचा विचार नंतर. न उडवलेल्या काडतुसाच्या टोपीवर बारीक खळगा दिसला, तरी त्याचा अर्थ हाच.

काडतूस अर्ध्यावर घट्ट अडकलं असेल, तर नखांनी कडेला धरून सरळ मागे ओढा. पक्कड नको, स्क्रूड्रायव्हर नको, आणि तोंडाकडून गज घालून ठोकणं तर अजिबात नको. तसं करताना तुमचा हात नेमका तोंडासमोर असतो. बोटांनी निघत नसेल, तर ते परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचं काम.

नळी उतरवून घ्या

दोष काडतुसात आहे की चेंबरमध्ये, हे आधी ठरलं पाहिजे. त्यासाठी तुमच्याकडे एक अचूक माप आधीच आहे: तुमचीच नळी. पुढचं लाकूड काढलं की मोडणाऱ्या बंदुकीची नळी दस्त्यापासून वेगळी होते. सुट्या नळीजवळ ना घोडा, ना पिन. तपासणी करायची ती अशीच, जोडलेल्या बंदुकीत नाही.

नळी मागचं टोक वर करून धरा आणि काडतूस वरून अलगद सोडा. ते स्वतःच्या वजनाने खाली जाऊन, कड खाचेत सपाट बसली पाहिजे. नळी उलटी केली की आपोआप घसरून तळहातावर पडली पाहिजे. आता त्याच डब्यातली आणखी चार-पाच काडतुसं एकेक करून बघा. मग शक्य असेल, तर दुकानातून आणलेल्या नव्या डब्यातली एक-दोन.

जुनी अडतात आणि नवी जातात, तर दोष काडतुसात. सगळीच एका ठिकाणी अडतात, तर दोष चेंबरमध्ये. एखादंच अडतं आणि बाकीची जातात, तर ते एक बाजूला काढा, त्यावर डोकं खपवू नका. दुनळी असेल तर उजव्या नळीत अडलेलं काडतूस डाव्या नळीत टाकून बघा. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो.

नेमकं कुठे घासतंय, हे पाहायलाही युक्ती आहे. काडतुसाच्या पितळेवर आणि प्लास्टिकवर काळ्या मार्करने पातळ रंग द्या, सुट्या नळीत घाला, हलकेच एक वेढा फिरवा आणि बाहेर काढा. जिथे रंग खरवडला तिथे ते टेकतंय. खरवड पितळी बुडाशी आहे, मध्यावर आहे, की पुढच्या दुमडीजवळ, यावरून पुढचा तपास ठरतो. नंतर रंग पुसून टाका.

काडतूस फुगलं असेल तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या हवेत पुठ्ठ्याच्या कवचाचं काडतूस फुगणार, यात नवल नाही. पुठ्ठा ओल पितो, जाड होतो आणि तोंडाकडची दुमड सैल पडते. काडतूस काचेवर किंवा गुळगुळीत लादीवर गडगडवून बघा. सरळ न जाता अडखळत, डगडगत गेलं तर ते गोल राहिलेलं नाही. असं काडतूस बाद.

ते वाळवून वापरण्याचा मोह होतो. उन्हात ठेवणं, चुलीवरच्या माळ्यावर ठेवणं, हे अजूनही चालतं. पुठ्ठा वाळला तरी मूळ मापाला येत नाही, आत ओलावलेल्या दारूची आणि टोपीची खात्री नसते, आणि चुलीजवळ काडतुसं ठेवणं म्हणजे घर पेटवायची सोय. ओलं काडतूस उडालं तरी कधीकधी फुसकं उडतं. आवाज बारीक येतो, धक्का जाणवत नाही आणि छर्ऱ्यांमागचा बोळा नळीतच राहतो. त्यावर दुसरा बार टाकला की नळी फाटते. म्हणून आवाज विचित्र आला, तर बंदूक उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघितल्याशिवाय पुढचं काडतूस घालायचं नाही. आणि चाप ओढल्यावर नुसताच 'टक' आवाज आला, तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान अर्धा मिनिट थांबा. मी पूर्ण मिनिट थांबतो. उशिरा पेट घेणारं काडतूस असतं.

प्लास्टिकची कवचं फुगत नाहीत, पण त्यांचं बूड पितळेचं किंवा पितळी मुलाम्याच्या पोलादाचं असतं आणि ते खाऱ्या वाऱ्याला बळी पडतं. मालवण, वेंगुर्ला, देवगड अशा समुद्रकाठच्या गावांत हे जास्त. पितळेवर हिरवट कळंक चढतो आणि त्या कळंकाचा थरच बुडाला चेंबरमध्ये अडवतो. कातड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोचून ठेवायची हौस असेल, तर ती सोडा. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि कातड्याने धरलेली ओल, दोन्ही मिळून नेमक्या त्या पट्ट्याखालीच कळंक धरतो. पट्टा शेतावर नेण्यापुरता, घरी आल्यावर काडतुसं डब्यात.

कळंक पातळ असेल तर कोरड्या सुती फडक्याने चोळून निघतो. त्याखालचं पितळ गुळगुळीत असेल, तर काडतूस सुट्या नळीत पुन्हा घालून बघा. खड्डे पडले असतील, बुडाच्या पोलादाला पापुद्रे सुटले असतील किंवा टोपीभोवती हिरवं-पांढरं काही साचलं असेल, तर ते वापरू नका. पॉलिश पेपर, चिंच, राख यांनी पितळी भांडी घासतात तशी काडतुसं घासायची नाहीत. रॉकेल किंवा तेल लावून 'सुळसुळीत' करून आत घालायचंही नाही. तेल टोपीच्या फटीतून आत शिरतं आणि काडतूस मारतं. शिवाय बार उडताना कवचाने चेंबरच्या भिंतीला जी पकड घ्यायची असते, ती सुटते आणि सगळा दाब बंदुकीच्या मागच्या भागावर येतो.

चेंबरमध्ये दोष असेल तर

निवडणुका आल्या की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि पावसाळ्यात जमा झालेली बंदूक परत येते तेव्हा बहुधा तिच्या नळीत तांबूस पूड असते. तक्रार करण्यापेक्षा जमा करण्याआधी नळी पुसून, आतून तेलाचा पातळ हात फिरवून देणं सोपं.

सुटी नळी उजेडाकडे धरून मागून बघा. चेंबर म्हणजे मागचा जरा रुंद भाग. त्यापुढे नळी निमुळती होत १८.५ मिलीमीटरच्या आसपास येते. जिथे चेंबर संपतो तिथे एक गोल कडी साचलेली दिसते. ते असतं कवचाच्या तोंडाचं वितळलेलं प्लास्टिक, काजळी आणि शिसं. काडतूस अर्ध्याच्या पुढे जाऊन अडत असेल, तर बहुतेक वेळा हीच कडी कारणीभूत असते.

ती काढायला लाकडी किंवा पितळी गज, चेंबरच्या मापाचा पितळी ब्रश आणि जुन्या धोतराचं फडकं पुरे. गज मागून पुढे चालवा, म्हणजे घाण चेंबरमध्ये परत येत नाही. फडकं रॉकेलात भिजवून आत फिरवा, दहा मिनिटं तसंच मुरू द्या, मग ब्रश फिरवा, मग कोरडी फडकी, एकामागून एक, स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी बंदुकीच्या तेलाचा पातळ थर. रॉकेल पुसून न काढता बंदूक ठेवली, तर त्याने काही संरक्षण होत नाही. ते उडून जातं आणि लोखंड उघडं पडतं.

खोबरेल वापरू नका. घरात हाताशी असतं म्हणून ते वापरलं जातं, पण २४-२५ अंशांच्या खाली ते गोठतं, आणि पौषातल्या पहाटे आपल्याकडेही पारा त्याखाली जातो. गोठलेल्या तेलाने पिन जड होते, जुन्या तेलाचा खवट चिकटा खाचांमध्ये धूळ धरतो. शिवणयंत्राचं पातळ तेल त्यापेक्षा कितीतरी बरं.

चेंबर कोरडा करूनच काडतूस घाला. साठवणीसाठी तेल, वापरायच्या वेळी कोरडं फडकं.

काडतूस पूर्ण आत जातं पण कड वर राहते, असं असेल तर चेंबरपेक्षा त्याच्या तोंडाकडे बघा. कड बसण्यासाठी जी गोल खाच असते, तिच्यात आणि एक्सट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस मागे ढकलणाऱ्या तुकड्याच्या पाठीमागे भाताचा कोंडा, माती, काजळी अडकते. एक्सट्रॅक्टर बाहेर ओढून त्याच्या मागची जागा दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा. सुपारीच्या खांडाएवढं काही तिथे सापडतं असं नाही. अर्ध्या मिलीमीटरचा कचरा बंदूक मिटू न द्यायला पुरतो.

गंजाचे खड्डे पडलेल्या चेंबरवर मात्र घरी काही करू नका. पॉलिश पेपर काठीला गुंडाळून आत फिरवला, की चेंबर ठिकठिकाणी मोठा होतो. मग काडतूस आत जाईल सुखाने, पण उडवलेलं कवच त्या खड्ड्यांत फुगून बसेल आणि बाहेर येणार नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो, त्यामुळे गावातला लोहार कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे नेऊ नका.

सहज बसलं म्हणून बरोबर असतं असं नाही

हे नवख्यांना सगळ्यात कमी सांगितलं जातं. काडतुसाच्या डब्यावर ६५ किंवा ७० मिलीमीटर असं लिहिलेलं असतं. ती लांबी उडवल्यानंतर कवच उलगडतं तेव्हाची असते, भरलेल्या काडतुसाची नाही. त्यामुळे तोंडाशी चांदणीसारखी दुमड असलेलं ७० चं काडतूस ६५ च्या जुन्या चेंबरमध्ये कसलीही कुरकुर न करता बसतं. बार उडाला की दुमड उलगडते ती निमुळत्या भागात, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. आजोबांच्या काळातल्या, विशेषतः विलायती बंदुका बहुधा ६५ च्या, म्हणजे अडीच इंची चेंबरच्या असतात. नळीच्या खालच्या बाजूला, पुढचं लाकूड काढल्यावर, शिक्क्यांमध्ये चेंबरची लांबी कोरलेली असते. सापडली नाही तर दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या आणि परवान्याच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा.

दुसरा प्रकार याहून वाईट. घरात १२ आणि २० बोअर अशा दोन बंदुका असतील, तर २० चं काडतूस चुकून १२ च्या नळीत पडू शकतं. ते अडत नाही. कडेसकट आत घसरतं आणि निमुळत्या भागाशी जाऊन थांबतं. मागून बघणाऱ्याला चेंबर रिकामा वाटतो. त्यामागे १२ चं काडतूसही व्यवस्थित बसतं, आणि ते उडालं की नळी डाव्या हाताच्या जागी फुटते. २० बोअरचं प्लास्टिकचं काडतूस बहुतेक कारखाने पिवळं काढतात ते यासाठीच. दोन बोअरची काडतुसं एका डब्यात, एका खिशात, एका पिशवीत कधीच नकोत.

'भरून दिलेली' काडतुसं

उडवलेली कवचं पुन्हा भरून देणारा कोणीतरी असतो, अशी कुजबूज प्रत्येक पंचक्रोशीत असते. ती काडतुसं अडतात, आणि का अडतात ते समजण्यासारखं आहे. बार उडताना कवच ज्या बंदुकीत उडतं तिच्या चेंबरएवढं फुगतं. ती बंदूक ढिली असेल तर बूड तुमच्या चेंबरपेक्षा मोठं झालेलं असतं, आणि ते साच्यातून काढून मूळ मापाला आणलेलं नसतं. टोपी नीट खोल न बसता वर राहते. तोंड दुमडताना जोर जास्त लागला, तर दुमडीच्या मागे फुगवटा येतो. यातली वर राहिलेली टोपी सगळ्यात धोक्याची, कारण बंदूक मिटतानाच तिच्यावर दाब येतो.

अशी काडतुसं घेऊ नका, आणि घरी भरायचा विचारही नको. विनापरवाना दारूगोळा तयार करण्याला शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांची कैद आहे, कमाल जन्मठेप. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' किंवा परवानाधारक दुकानातली दुसरी कारखानी काडतुसं, परवान्यावर नोंद करून आणि पावती घेऊन, एवढाच मार्ग आहे.

ज्या देशांत रायफलीची काडतुसं घरी भरायला मुभा आहे, तिथे मात्र अडणारं काडतूस हा रोजचा विषय आहे. परदेशी नेमबाजांचे व्हिडिओ बघून गोंधळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. रायफलीचं कवच बाटलीच्या आकाराचं असतं: बूड, अंग, खांदा, गळा. बोल्टची, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याची, मूठ खाली बसत नसेल, तर दारू आणि टोपी नसलेलं डमी काडतूस मार्करने रंगवून, बोल्टमधली पिन काढून तपासतात.

खांद्यावर रंग गेला, तर खांदा पुरेसा मागे ढकललेला नाही, किंवा गोळी बसवताना साचा फार खाली लावल्याने तो फुगला. फक्त गळा आवळून तेच कवच वारंवार वापरलं की हे होतंच. खांदा ०.०५ मिलीमीटर मागे घेतला तरी मूठ बसते. त्याहून बराच जास्त ढकलला, तर कवच बुडाशी ताणून तुटायला लागतं. बुडाजवळ रंग गेला, तर कवच दुसऱ्या रायफलीत उडवलेलं आहे किंवा आधी भरलेली दारू जास्त होती. गोळीवर नळीच्या आतल्या आट्यांच्या बारीक रेघा उमटल्या, तर गोळी फार बाहेर बसवली आहे. असं काडतूस न उडवता ओढलं तर गोळी नळीत अडकून दारू बोल्टमध्ये सांडते. आणि कवच लांबीने वाढलेलं असेल, तर त्याचं तोंड चेंबरच्या टोकाला चिमटलं जाऊन गोळी सुटायला जागा राहत नाही, दाब एकदम चढतो. .३०-०६ च्या कवचाला ६३.३५ मिलीमीटर ही कमाल लांबी ठरलेली आहे. त्यापुढे गेलं की कापायचं, निदान साधं व्हर्निअर हातात असलंच पाहिजे.

आपल्याकडे ३१५ बोअरची रायफल असणाऱ्यांनी यातलं एवढंच घ्यावं: कारखानी काडतूसही जड जात असेल, तर बोल्टवर तळहाताने थापा न मारता चेंबर साफ करा, आणि तरीही अडलं तर रायफल दाखवून या.

साठवण आणि बाद काडतुसं

घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, वर खरेदीचा महिना आणि बोअर लिहिलेली चिठ्ठी. पुड्या मिरगाच्या आधी बदला. डबा कपाटात, कुलुपात, बंदुकीपासून वेगळा. जमिनीलगत नको आणि बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकून तर नकोच. आधी आणलेली काडतुसं आधी वापरा. दर महिन्याला डबा उघडून बघायची गरज नाही, उलट प्रत्येक वेळी ओली हवा आत जाते.

बंदूक शक्यतो तोंड खाली करून ठेवा, म्हणजे नळीतलं तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात आणि पिनच्या जागेत मुरत नाही.

बाद ठरलेली काडतुसं विहिरीत, खाडीत टाकायची नाहीत, पुरायची नाहीत, शेकोटीत तर नाहीतच, आणि आतली दारू काढण्यासाठी फोडायचीही नाहीत. वेगळ्या डब्यात 'खराब' असं लिहून ठेवा आणि परवाना घेऊन ज्या दुकानातून घेतली तिथे किंवा आपल्या पोलीस ठाण्यात विचारा. जमा केल्यावर नोंद आणि पोच मागून घ्या. परवान्यावरचा हिशेब आणि घरातली संख्या जुळली नाही, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

आणि शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. डुक्कर किंवा वानर कितीही नुकसान करत असलं, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या परवानगीशिवाय ते मारता येत नाही. परवानगीचा अर्ज वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात करायचा असतो. भात पिकायच्या आधीच तो द्या, म्हणजे ऐन हंगामात धावपळ होत नाही.